उतरण्याचा रकाना

गिरीजच्या बळीरामला तुम्ही काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. चिक्कू म्हणा, तापट म्हणा, बायकोच्या धाकातला म्हणा, तो तंबाखू मळत गालातल्या गालात हसला असता. फक्त "तुला झाडावर चढता येतं का?" एवढं त्याला विचारायचं नाही. माणूस भंडारी, बाप भंडारी, आजा भंडारी. चौदाव्या वर्षी बापाने कमरेला कोयत्याची आकडी बांधून पहिल्या माडावर पाठवला तो अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत वरखाली करतच होता. त्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे कोळणीला बोंबील ओळखतेस का विचारणं. आणि नेमका हाच प्रश्न सरकारने छापून ठेवला होता.

सरकारशी त्याचा संबंध आला तो दारूबंदीमुळे. पन्नास साली कायदा आला आणि गिरीजमधल्या माडीवाल्यांचे कोयते एका रात्रीत गुन्हेगार झाले. मग सरकारनेच नीरा केंद्र काढलं. माड तेच, कोवळ्या फुलोऱ्याची पोय तीच, रसही तोच. फरक इतकाच की मडक्याला आतून चुना फासायचा आणि रस आंबायच्या आत, ऊन वर यायच्या आधी केंद्रावर नेऊन ओतायचा. चुन्याच्या मडक्यातला रस बळीरामला कधी आवडला नाही. "आजारी मानसाला द्यायचा काढा," असं तो म्हणायचा. पण केंद्राने पितळी बिल्ला दिला, चौदा माड नेमून दिले, आणि दिवसातून दोनदा प्रत्येक माडावर चढून पोय तासायचं काम तो चोख करायचा. म्हातारा म्हणून त्याने एकही माड कमी करून मागितला नाही.

त्रेपन्न सालच्या होळीनंतरची गोष्ट. सकाळचा अकरावा माड संपवून तो खाली येत होता. पाच-सहा खाचा उरल्या असतील. या खाचा म्हणजे खोडात कोरलेल्या पायऱ्या, पायाची पुढची बोटं मावतील एवढ्याच. कमरेची आकडी जुनी झाली होती, ती तडकली आणि कोयता सुटून सरळ उजव्या पायावर आला. बळीराम केळीच्या पाटात चिखलात पडला म्हणून हाडं वाचली. पायाचा अंगठा मात्र कातड्याला लोंबत होता. दवाखान्यात डॉक्टरने तो काढूनच टाकला.

चार महिने तो ओटीवर पाय वर करून बसला आणि घरातल्यांना जीव नकोसा करून सोडला. भाजीत मीठ कमी, विहिरीचा दोर चुकीचा गुंडाळला, शेजाऱ्याची बकरी फार ओरडते. त्याची बायको नर्मदा सगळं ऐकून घेत होती. ती गजरे-भाजी घेऊन माणिकपूरच्या बाजारात जायची, परत आली की पुन्हा ऐकायची.

केंद्राच्या मॅनेजरने सांगितलं की कामावर जायबंदी झालेल्या माणसाला कायद्याने भरपाई मिळते, अर्ज करा. अर्ज लिहून दिला कॉन्रॅड मास्तरांनी. मास्तर चर्चजवळच्या शाळेत शिकवायचे, इंग्रजी सुरेख लिहायचे आणि वाडीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांच्याच हातचे असायचे. मग सरकारी डॉक्टरची तपासणी आली. डॉक्टर सभ्य होता, पण घाईत. त्याच्यासमोर छापील फॉर्म होता, रकान्यामागून रकाना. नाव, वय, इजा, कोणता पाय. मग त्याने मान वर न करता विचारलं, "झाडावर चढता येतं का?"

झालं. दरवाजाबाहेर नर्मदा उभी होती, तिने कपाळाला हात लावला. आतून नवऱ्याचा आवाज आला, "चढता येतं का म्हंजे? डाक्टर, तुमचा जलम व्हायच्या आदीपासून चढतोय मी."

डॉक्टरने "होय" लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पावसाळा सरता सरता पत्र आलं. मास्तरांनी ते ओटीवर बसून वाचून दाखवलं. पायाचा अंगठा गेल्याने माणसाची कामाची ताकद कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे शंभरात दहा कमी होते. अर्जदार झाडावर चढू शकतो असं तो स्वतःच सांगतो. सबब तो पूर्वीच्या कामास लायक आहे. दहा टक्क्यांची भरपाई मंजूर. महिन्याभरात कामावर रुजू व्हावं, नाहीतर बिल्ला परत करावा.

"शंभरात दा," बळीराम म्हणाला. "कोनाचा अंगठा हो तो? कारकुनाचा का भंडाऱ्याचा?"

"कोष्टकात तसा फरक नाही," मास्तर म्हणाले.

"कोष्टकाला माडावर पाठवा मग."

नर्मदाला मात्र कोष्टकाशी भांडायचं नव्हतं. तिचं भांडण घरातल्या माणसाशी होतं. मास्तर गेल्यावर ती म्हणाली, "अवो, त्यानं इचारलं तवा नाय म्हनायला काय जीभ झडली असती? वर्साचं अन्न गेलं एका शब्दापायी."

बळीराम उठून आत गेला. तिचं म्हणणं खरं होतं आणि त्याला ते माहीत होतं, म्हणूनच त्याला राग आला.

दोन दिवसांनी भर दुपारी, वाडी जेवून आडवी झालेली असताना, तो मागच्या विहिरीजवळच्या ठेंगण्या माडापाशी गेला. इकडेतिकडे पाहिलं आणि चढला. चढला तो झोकात. हात शाबूत होते, दम शाबूत होता, चवड्याने खाच पकडून अंग वर खेचायला अंगठ्याची फारशी गरज लागलीच नाही. वर पोचल्यावर त्याला इतका आनंद झाला की सरकारचं पत्र खरं वाटायला लागलं.

मग त्याने उतरायला उजवा पाय खाली सोडला.

चव्वेचाळीस वर्षांत त्याने कधी विचार केला नव्हता की उतरताना पाय काय करतो. आता त्याला कळलं. उतरताना डोळ्यांना खाच दिसत नाही, खोड छातीशी असतं. अंगठा पुढे जाऊन खाचेची कड शोधतो, तिच्यात रुततो, आणि दुसरा पाय सुटेपर्यंत सगळ्या देहाचा भार एकटा पेलतो. उरलेली चार बोटं नुसती आंधळ्यासारखी खोडावर फिरत राहिली. कड लागली तर ती वाकली, भार दिला तर निसटली. शेवटी त्याने खोडाला मिठी मारली आणि घसरत आला. गळ्यापासून बेंबीपर्यंत कातडी सोलून निघाली.

आंघोळीच्या वेळी नर्मदाने ते पाहिलं. काही न विचारता हळद-तेल गरम करून आणलं. लावता लावता म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना. चढता येत नाय म्हनून."

"पन चढता येतं."

"मंग उतरता येत नाय म्हनून सांगा."

हे तिला कसं सांगायचं? चढता येत नाही हे एकवेळ म्हाताऱ्याला शोभतं. पण चढून वर अडकतं ते मांजर. अडकतात ती पेरू चोरायला गेलेली पोरं. भंडाऱ्याच्या तोंडून ते वाक्य निघालं तर वाडीत दहा पिढ्या पुरेल एवढी थट्टा होईल. तो जखमेला तेल लागल्यावर ओरडला, तेही खरं तर तेलामुळे नव्हतं.

मास्तरांनी फेरचौकशीचा अर्ज लिहायला घेतला तेव्हा म्हणाले, "सरळ लिहितो, चढता येत नाही."

"खोटं लिवू नका."

"मग खरं काय ते सांगा, बळीरामकाका."

"अंगठा माजा पुरता गेला, काम माजं पुरतं गेलं, असं लिवा. बाकी मी बोलन." त्याने खाली सही केली. महिना संपत आला होता, पण चौकशी होईपर्यंत बिल्ला काढून घेता येणार नाही असं मास्तरांनी नियमांत शोधून काढलं. मास्तर तसे शांत, पण नियम सापडला की त्यांच्या अंगात बळ यायचं.

मार्गशीर्षात चौकशी अधिकारी गिरीजला आले. चाळिशीचे गृहस्थ, सोनेरी काड्यांचा चष्मा, बुटांवर वाडीची माती लागू नये म्हणून टाचा उचलत चालणारे. सोबत एक कारकून आणि केंद्राचा मॅनेजर. माडाखाली खुर्ची-टेबल मांडलं. असला तमाशा चुकवायला वाडी काही खुळी नव्हती. केळीत पाणी सोडणारे पाणी सोडून आले, बायका पोरं कडेवर घेऊन आल्या, आणि बळीरामचे चौदा माड ज्याला मिळाले होते तो हिरामण, त्याचा दूरचा पुतण्या, मान खाली घालून कडेला उभा राहिला. आपण कुणाचं तरी खातोय असं त्याला सारखं वाटत असे.

अधिकाऱ्यांनी कागद वाचले. मग तोच प्रश्न.

"झाडावर चढता येतं का?"

नर्मदा त्याच्याकडे डोळे रोखून बघत होती. मास्तरांनी एकदा खोकून घेतलं. बळीराम म्हणाला, "येतं."

मास्तरांनी डोळे मिटले.

"मग प्रश्नच मिटला," अधिकारी म्हणाले.

"नाय मिटला. म्होरला प्रश्न इचारा."

"पुढचा प्रश्न नाही. फॉर्ममध्ये एवढाच रकाना आहे."

इथे कारकुनाने तोंड उघडलं, ते उघडलं नसतं तर बरं झालं असतं. तो मॅनेजरकडे वळून म्हणाला, "वय झालं की काम नकोसं होतं, मग अंगठ्याचं निमित्त." हळूच म्हणाला, पण भंडाऱ्याचे कान खाली उभ्या माणसाचं बोलणं चाळीस हात वरून ऐकायला सरावलेले.

बळीरामने सदरा काढून नर्मदाच्या हातात दिला. छातीवरचे जुने ओरखडे सगळ्यांना दिसले. टेबलामागचाच माड, एकेकाळी त्याचाच. त्याने खोडाला हात लावून कपाळाला लावला आणि निघाला. नर्मदाने "अवो" म्हणून हाक मारली तोवर तो दोन पुरुष उंचीवर होता.

खोटं कशाला बोला, चढण बघण्यासारखी होती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, नऊ बोटांचा, पण लय चुकत नव्हती. खाली कुणीतरी शीळ घातली. हिरामणचं तोंडही खुललं. बघता बघता तो चाळीस हात वर झावळ्यांत जाऊन बसला, आणि अधिकाऱ्यांनी टाक उचलला.

"दिसलं. उतरा आता."

बळीरामने उजवा पाय खाली सोडला. चार बोटं खोडावर फिरली. खाच त्याला मनात दिसत होती, स्वतः कोरलेली होती, पण पायाला ती सापडेना. त्याने पाय वर घेतला. इतकी वर्षं याच उंचीवर तो तंबाखू खात बसायचा, आज त्याला पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. विहिरीजवळचा माड ठेंगणा होता. इथून मिठी मारून घसरलं तर खाली पोचेल ते प्रेत. वरून त्याला सगळे दिसत होते. सोयरे, शेजारी, ज्यांना त्याने चढायला शिकवलं ते, आणि हातात सदरा धरलेली नर्मदा. चूप बसलं तर सगळं जातं, बोललं तर फक्त अब्रू जाते. त्याने घसा साफ केला.

"साहेब," तो ओरडला, "मना उतरता येत नाय."

खाली गर्दीत मागून कुणीतरी मांजराचा आवाज काढला आणि हशा पिकला.

"हसा," बळीराम वरून म्हणाला. "पोटभर हसा. पन साहेब, तुमी लिवा."

"काय लिहू? तसा रकाना नाही."

"मंग आखा. तुमच्या कारकुनाकडं पट्टी हाय ना?"

आता हसणाऱ्यांनी बाजू बदलली. अधिकारी उभे राहिले, चष्मा सावरला आणि मान मागे टाकून म्हणाले, "हे पाहा, हे वयामुळेही असू शकतं."

"वय घेऊनच चढलो ना? का ते खाली ठेवून आलो?"

अधिकाऱ्यांनी फॉर्म उलटून मागची बाजू पाहिली. माणूस वाईट नव्हता. कोष्टकाबाहेर पाय टाकायची सवय नव्हती इतकंच. मग म्हणाले, "ठीक आहे. दहाचे वीस टक्के करण्याची मी शिफारस करीन. अंशतः अक्षम."

"साहेब, मी अंशानं वर बसलोय का? ईस टक्के वर आनि ऐंशी खाली असं नाय हो. मी पुरताच वर हाय."

मॅनेजर अधिकाऱ्यांच्या कानाशी लागला. तो काय म्हणाला ते मास्तरांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. तो म्हणाला, साहेब, हा माणूस तुमच्या चौकशीसाठी चढलाय. पडला तर कागदावर कुणाचं नाव येईल? अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. उन्हं माडांच्या मागे जायला लागली होती. कारकुनाने पट्टी काढून दिली, आणि अधिकाऱ्यांनी छापील रकान्यांखाली एक रेघ मारली. टाक बराच वेळ चालला.

"लिहिलं," ते म्हणाले आणि वाचूनही दाखवलं, पण वारा होता, वर काही पोचलं नाही.

हिरामण खांद्यावर दोर घेऊन चढला. झावळ्यांत काकाच्या शेजारी टेकून त्याने हळू आवाजात सांगितलं, "काका, दोर नको. मी खाली ऱ्हातो, तुमचा पाय हातानं धरून खाचेत ठेवतो. खालून कोनाला कळनार नाय. तुमीच उतरताय असं वाटंल."

बळीरामने पुतण्याकडे पाहिलं. पोरगा चांगला होता, आणि त्याने दिलेली गोष्ट फार हवीशी होती. एक क्षण तो हो म्हणणार होता.

"नाय," तो म्हणाला. "काखेत दोर बांद. कळशी सोडतात तसा सोड. सगल्यांना दिसू दे. नायतर उद्याला म्हनतील, म्हातारा उतरला व्हता."

दोर झावळ्यांच्या बुडाशी टाकून त्याचं टोक खाली सोडलं. धरायला चार माणसं लागली. तीन वाडीतली पुढे झाली, चौथं कुणी हाताशी नव्हतं तेव्हा मास्तरांनी कारकुनाकडे बघितलं, आणि कारकून निमूटपणे बाही वर करून दोराला लागला.

बळीराम झावळ्यांतून सुटला आणि हवेत लोंबला. चव्वेचाळीस वर्षांत त्याला कुणी असं उतरवलं नव्हतं. त्याच्या बापालाही नाही. बापाला ते पाहावं लागलं नाही हे बरं झालं, असं त्याच्या मनात आलं. तो हळूहळू गिरक्या घेत खाली येत होता, एकदा तोंड समुद्राकडे, एकदा लोकांकडे. आता कुणी हसत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात दोराला असल्यामुळे ते त्याला पुसता येत नव्हतं. पण मान त्याने खाली घातली नाही. प्रत्येक गिरकीला ज्याचं तोंड समोर आलं त्याच्याकडे तो सरळ बघत गेला.

पाय जमिनीला लागले. नर्मदाने पुढे होऊन दोराची गाठ सोडली आणि सदरा त्याच्या खांद्यावर टाकला. अधिकारी कागद पिशवीत भरायच्या बेतात होते.

"वाचा," बळीराम म्हणाला.

"आता कशाला? सही करा म्हणजे झालं."

"आदी वाचा."

अधिकाऱ्यांनी चष्मा नीट केला आणि वाचलं. "अर्जदार बळीराम धर्माजी, वय अठ्ठावन्न, यास माडावरून स्वतःहून उतरता येत नाही, असे समक्ष पाहिले. सबब तो नीरा काढण्याच्या कामास कायमचा व संपूर्ण अक्षम आहे."

बळीरामने सगळं वाक्य ऐकून घेतलं. मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, मागे उभ्या असलेल्या लोकांकडे एकदा वळून पाहिलं, आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, "पुन्ना एकदा वाचा, साहेब. मोठ्यानं. मागं ऐकू गेलं नाय."